बाटली हलवून घ्यावी

१२ जानेवारी

दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र टेबलावर तसंच टाकशील आणि वर्तमानपत्र उघडून बसशील. मग वहिनी ते फोडतील आणि मोठ्यानं वाचायला लागतील. तू ऐकत नसल्याचं दाखवशील, पण पान उलटायचं विसरशील. तेव्हा वहिनी, जरा सावकाश वाचा.

फोनच केला असता, पण फोन तू कापतोस. पत्र फाडून केरात टाकायला निदान जागचं उठावं तरी लागतं.

तुझी लेक भिंगरी माझ्याकडे आहे हे तुला कळलेलं आहेच. ती सुखरूप आहे. घाण्यावरच्या माडीत राहते, सकाळी माझ्या आधी उठते. तुझ्याविषयी वावगा शब्द काढत नाही. काढला असता तर मी ऐकून घेतला नसता.

तू म्हणालास, मी तिला फूस लावली. अरे, ही पोर चालायला लागली ती आपल्या घाण्याच्या लाटेमागे, त्या फिरत्या लाकडामागे, गोल गोल पळत. म्हणून तर वडिलांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. तिला कोण कुठे ढकलणार? बँकेतली नोकरी तिनं मला विचारून सोडली नाही. माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात काकड्यांची पिशवी. म्हणाली, "काका, आधी या काकड्या फ्रिजमध्ये ठेवा, मग रागवा." काकड्या ठेवल्या. रागवायचं राहून गेलं.

बसस्थानकासमोर घड्याळं दुरुस्त करायचं ते अरुंद दुकान आठवतं ना तुला? म्हातारा घड्याळजी गेल्यापासून बंदच होतं. ते तिनं भाड्यानं घेतलं आहे. भिंतीवरचे घड्याळांचे खिळे अजून तसेच आहेत. तिथे ती खाण्याचं छोटं दुकान काढणार आहे. ताजं सॅलड, सूप आणि भाजलेला पाव, एवढंच. समुद्राकाठच्या दूरच्या देशांत जसं करतात तसं सॅलड. बँकेत असताना सुट्टीच्या दिवशी एका बाईंकडे जाऊन ती हे शिकत होती, हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

तू तिला विचारलंस, "लोकांना पाला खायला घालण्यासाठी शिकवलं का तुला?" हे तिनं मला सांगितलेलं नाही. वहिनींनी सांगितलं. वहिनी, हे वाक्य वाचताना घाई केलीत तरी चालेल.

मला तुझ्याकडून काही नको आहे, फक्त कळवायचं होतं. घाणा चांगला चालला आहे. यंदाचं तिळाचं तेल फार सुरेख उतरलं आहे. वास अगदी मोकळा आहे, असं भिंगरी म्हणते.

तुझा,
धाकटा


२ फेब्रुवारी

दादा,

तू उत्तर पाठवणार नाहीस हे धरूनच लिहितो आहे. पण आज जे सांगायचं आहे ते तेलातल्या माणसालाच कळेल, आणि वडिलांमागे माझ्या ओळखीचा तेलातला माणूस तूच. तेव्हा राग बाजूला ठेव आणि ऐक.

परवा भिंगरी टेबलं बघायला गेली. जाताना म्हणाली, "काका, आज ड्रेसिंग तुम्ही करून ठेवा. उद्या दुपारी सिस्टरना खाऊ घालायचंय." सिस्टर म्हणजे शेजारच्या रिटायर्ड नर्स. दुकान उघडलं की त्या वाढायचं काम बघणार आहेत. ड्रेसिंग हा शब्द ऐकून त्या म्हणाल्या, "आयुष्यभर हेच केलं, आता खायचंही?"

सॅलडवर जे ओततात त्याला ड्रेसिंग म्हणतात. भिंगरीनं मला दोनदा करून दाखवलं होतं. रुंद तोंडाच्या बाटलीत लिंबाचा रस, मीठ, ठेचलेला लसूण, वाटलेली मोहरी, थोडा मध, मिरपूड आणि ओरेगॅनो नावाचा वाळका पाला. वर ऑलिव्हचं तेल. झाकण लावायचं आणि हलवायचं. मला वाटलं, यात काय आहे? तेलात हात बुडवून आपली हयात गेली.

सगळं नीट केलं, हलवलं, आणि बाटली उजेडात धरली. दादा, आत गढूळ, पिवळट, ढगासारखं काहीतरी. असलं तेल गिऱ्हाइकाला दिलं असतं तर वडिलांनी आपल्याला घाण्याला जुंपलं असतं. मी मनात म्हटलं, पोर नवखी आहे, निवळू द्यायचं सांगायला विसरली असेल. बाटली खिडकीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर काय देखणं निवळलं होतं! वर सोन्यासारखं स्वच्छ तेल, खाली सगळा साका. बाटली हळूच तिरकी केली, तळ हलू दिला नाही. वडील म्हणायचे ना, झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा तसं ओतायचं. अगदी तसं ओतलं. वरचं तेल दुसऱ्या बाटलीत घेतलं, साका मोरीत ओतला आणि बाटली राखेनं घासून पालथी घातली. इतकं समाधान वाटलं की सांगता येत नाही.

भिंगरी आली. तिनं काकडी जाडजाड चिरली. टोमॅटो कापून मीठ लावून ठेवले, त्याला पाणी सुटलं ते टाकलं नाही, भांड्यातच राहू दिलं. कांद्याच्या चकत्या गार पाण्यात बुडवून ठेवल्या, म्हणजे त्यांचा तिखटपणा जातो. काळे ऑलिव्ह, खारट पांढऱ्या चीजचे तुकडे, आणि पुदिना. पुदिना हातानं तोडला. मग माझ्या बाटलीतलं वर ओतलं, एक घास घेतला, आणि माझ्याकडे बघायला लागली.

"काका, हे काय आहे?"

"ड्रेसिंग."

"हे तेल आहे."

"निवळलेलं आहे," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"आणि बाकीचं?"

"साका होता. टाकला."

ती खालीच बसली. आधी मला वाटलं हिला काही झालं. मग बघतो तर पोट धरून हसते आहे. "लिंबू, मीठ, लसूण, मोहरी, मध! काका, सगळं ड्रेसिंग मोरीत गेलं हो, आणि तुम्ही मला नुसतं तेल दिलंत!" सिस्टर घास चावत म्हणाल्या, "माझ्या ताटात औषधाचं तेल आहे, बाकी तक्रार नाही."

मीही हसलो, पण उशिरा.

नंतर भिंगरीनं समजावलं. तेल आणि लिंबू एकमेकांत कधीच विरघळत नाहीत, थोडा वेळ ठेवलं की परत वेगळे होतात. म्हणून ओतायच्या आधी हलवायचं आणि परत वेगळं व्हायच्या आत ताटात घालायचं. मी म्हटलं, "मग हे दर वेळी करायचं?" ती म्हणाली, "दर वेळी."

सकाळी देवापुढे बसलो तेव्हा हेच डोक्यात घोळत होतं. आयुष्यभर आपण काय केलं? थांबलो, निवळू दिलं, वरचं घेतलं, खालचं टाकलं. तेलाच्या बाबतीत ते बरोबरच होतं. यापेक्षा जास्त काही म्हणायचं नाही.

आज दुसऱ्यांदा केलं. हलवलं आणि लगेच ओतलं. सिस्टरनी दोनदा वाढून घेतलं. भिंगरी म्हणाली, "काका, पास." दादा, मला शाळेत गणितात पास झाल्यावरही इतका अभिमान वाटला नव्हता. मला गणित किती यायचं हे तुला माहीतच आहे.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनींचा फोन आला होता. तू म्हणालास ते त्यांनी लपवलं नाही. "त्याला मूलबाळ नाही, म्हणून त्यानं माझं उचललं."

हे पत्र मी याआधी एकदा लिहिलं आणि फाडलं. त्यात जे होतं ते वडील जिवंत असते तर त्यांनी मला उच्चारू दिलं नसतं, म्हणून लिहूही नये असं वाटलं.

मूलबाळ नाही हे खरं. आमची ही गेली तेव्हापासून घरात मी आणि घाणा. पण तुला वाटतं तसं मी तिला ठेवून घेतलेलं नाही, दादा. खरं तर तिनं मला सांभाळून घेतलं आहे. ते सांगायचं नव्हतं. आता सांगतो.

गेल्या थंडीत मला ताप आला होता. ताप उतरला, पण वास गेला. मला वास येत नाही. फुलाचा नाही, पेंडीचा नाही, जळण्याचा नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. अजून आलेला नाही.

तेलवाल्याचं नाक गेलं म्हणजे काय, हे तुला मी काय सांगणार? तुझं नाक बघूनच मोठ्या तेलगिरणीनं तुला इथून नेलं आणि सुपरवायझर केलं. पिंपाचं झाकण उघडलं की तू दारातून सांगायचास, हे गेल्या हंगामाचं. मी तुझ्याइतका हुशार कधीच नव्हतो, पण माझं काम चालत होतं. ताप गेल्यावर मी पहिल्या तेलानं देवापुढे दिवा लावायचो आणि ज्योतीकडे बघत बसायचो. काजळी धरली तर तेल वाईट, स्वच्छ जळली तर चांगलं. लोक समजायचे, याची भक्ती वाढली. भक्ती होतीच, पण तेव्हा दिव्यापुढे बसण्यात निम्मा धंदा होता.

भिंगरी आली त्याच आठवड्यात मी तीळ भाजत होतो. ती माडीवरून ओरडत खाली आली, "काका, जळतंय!" मी कढईसमोरच उभा होतो. तिनं गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पिंप उघडलं की ती आपणहून येते, वाकते, आणि सांगते. "हे चालेल." "हे आज नको." एकदा दारातूनच म्हणाली, "काका, हा तीळ गेल्या हंगामाचा आहे, तुम्हाला फसवलं." तुझाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

तुझं नाक तिच्याकडे आलं आहे, दादा. बँकेच्या काउंटरमागे त्याचा काय उपयोग होता?

उचललं म्हणू नकोस. काय म्हणायचं ते मला माहीत नाही. पण उचललं म्हणू नकोस.

तुझा भाऊ


१० मार्च

दादा,

पुढच्या शुक्रवारी सकाळी भिंगरी दुकान उघडते आहे. हे आमंत्रण समज. तिनं लिहिलं नाही, मी लिहितो आहे, आणि मी लिहितो आहे हे तिला माहीत नाही. तू आलास तर ती काय म्हणेल ते मला सांगता येणार नाही. पण रोज दुकानाची काच पुसताना ती बसस्थानकाकडे बघते. तुमच्याकडची बस जिथे थांबते तिकडे.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची होती. आपल्या तेलावरून आमची जुंपली होती.

मी म्हणालो, "आपल्या घाण्याचं तेल घरात असताना तू बाहेरून ऑलिव्हचं तेल आणतेस, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "काका, तुमचं तेल फार बोलतं. ते ताटात गेलं की बाकी कुणाला तोंड उघडू देत नाही." मला राग आला. वडिलांपासूनच्या तेलाला बडबडं म्हणते! दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तीही काही कमी नाही. माझ्या ताटात सॅलड वाढायची आणि शेजारी आपल्या तेलाची वाटी ठेवायची. मी तेल घालून खायचो. दुसऱ्याच दिवशी मला कळलं की पोर बरोबर आहे. वास येत नसला तरी जिभेला कळतं रे. काकडी कुठे, पुदिना कुठे, सगळीकडे तीळच तीळ.

पण मीही तुझाच भाऊ. तिसऱ्या दिवशी पांढरा तीळ न भाजता घेतला, घाणा अगदी सावकाश फिरवला, पहिलं उतरलं तेवढंच वेगळं काढलं, निवळू दिलं. पाण्यासारखं फिकट. तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, "हे कमी बोलतं." तिनं हाताच्या मागच्या बाजूला एक थेंब घेतला, चोळला, हुंगला. तू करायचास तसंच. दुसरा थेंब जिभेवर ठेवला. मग म्हणाली, "तीन पळ्या ऑलिव्हचं, एक पळी हे."

मी म्हटलं, "दोन पळ्या."

"एक."

"बरं, एक."

त्या एका पळीसाठी मला जेवढा मान वाटतो तेवढा आख्ख्या पिंपासाठी वाटला नाही. सिस्टर म्हणतात की कालपासून मी चालतोही वेगळा.

प्रत्येक टेबलावर ड्रेसिंगची छोटी बाटली राहणार आहे, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. सिस्टरनी सुवाच्य अक्षरात कार्डं लिहून दिली आहेत: बाटली हलवून घ्यावी. भिंगरी म्हणते, हे कार्ड फक्त काकांसाठी आहे, बाकी जगाला न सांगता कळतं.

शुक्रवारी ये. वहिनींना घेऊन ये. न बोलता खाल्लंस तरी चालेल. पण तिच्या हातचं एकदा खा.

धाकटा


२४ मार्च

दादा,

तू आला नाहीस. वहिनी आल्या, आणि त्यांनी तुझी काहीतरी सबब सांगितली. वहिनी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, पुढच्या वेळी प्रयत्नही करू नका.

तरी तू काय गमावलंस ते लिहितो, म्हणजे तुला नंतर कुणाला विचारत बसावं लागणार नाही.

सगळी टेबलं भरली होती. बस सुटायला वेळ असलेले लोक, समोरच्या दवाखान्यातले, शाळेतल्या दोन मास्तरीणबाई. एक ड्रायव्हर आत डोकावला आणि म्हणाला, "गरम काही नाही का?" सिस्टर म्हणाल्या, "सूप आहे, आणि मी आहे." तो बसला. त्यानं ताट पुसून खाल्लं आणि उठताना म्हणाला, "पोट जड झालं नाही, आता गाडी चालवताना झोप यायची नाही." भिंगरीला त्याच्या या एका वाक्यानं जो आनंद झाला, तो पदवी मिळाली त्या दिवशीही तिच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता.

स्वयंपाकघर आणि बाहेरची जागा यांच्यामध्ये एक छोटी खिडकी आहे. दार वाजलं की ती खिडकीतून बघायची. दर वेळी. माझं लक्ष होतं. संध्याकाळी आवरताना म्हणाली, "काका, बाबांचा आज काही कार्यक्रम असेल." मी म्हटलं, "असेल."

दादा, मी तुझ्यासाठी कधी काही मागितलेलं नाही. आता देवापुढे बसलो की मागतो. काय मागतो ते सांगत नाही.

धाकटा


१७ एप्रिल

दादा,

मंगळवारी दुपारी तू आलास आणि मला न भेटता परत गेलास! बसस्थानक ते घाणा हे अंतर किती? वाटेत पाय भाजले असते का तुझे? मी घाण्यात घातलेली तिळाची घाणी अर्ध्यावर टाकून येऊ शकलो नाही, ते तुला माहीतच आहे. मध्येच थांबवली की तेल पेंडीत अडकून बसतं. सिस्टरनी निरोप पाठवला तेव्हा लाट फिरत होती आणि मी तिच्याकडे बघत उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हा घाणा जरा पटापट फिरला तर बरं होईल.

पळत गेलो तेव्हा तुझी बस वळणावर होती. म्हणून जे झालं ते मी भिंगरीकडून आणि सिस्टरकडून ऐकलं. दोघींचं थोडं वेगळं आहे, पण मुख्य तेच. तुला माहीत आहे तेच तुला परत सांगतो. मला लिहून बघायचं आहे.

गर्दी ओसरली होती. तू कोपऱ्यातल्या टेबलावर पाठ करून बसलास आणि एक सॅलड मागितलंस. सिस्टर तुला ओळखत नव्हत्या. त्यांनी ताट आणून ठेवलं, तुझ्यापुढची बाटली हलवून दाखवली आणि म्हणाल्या, "अशी हलवून वरून घ्या." तू मान हलवलीस आणि बाटली परत टेबलावर ठेवलीस. थोड्या वेळानं त्या आत जाऊन म्हणाल्या, "कोपऱ्यातले साहेब खात नाहीयेत. नुसते बाटलीकडे बघत बसलेत."

भिंगरी टोमॅटो चिरत होती. "बाटलीकडे?"

"हो ना. मी कार्ड दाखवलं, तर म्हणाले, असू द्या, निवळू दे."

सिस्टर म्हणतात, भिंगरीची सुरी तिथेच थांबली. या वेळी ती खिडकीतून बघायला गेली नाही. हात पुसले आणि सरळ बाहेर आली.

तोवर बाटली निवळली होती. तू ती उचललीस, तिरकी केलीस, तळ न हलवता. झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा तसं. वरचं तेल ताटावर ओतलंस आणि काकडीचा एक घास घेतलास. ती तुझ्या मागे उभी होती. वर न बघताच तू म्हणालास, "मीठ नाही."

"मीठ तळाशी असतं, बाबा," ती म्हणाली.

मग तिनं तुझ्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट केलं, खांद्यापासून हात हलवून खडाखडा हलवली आणि सगळी तुझ्या ताटात ओतली. तू खाल्लंस. मध्येच तिला म्हणालास, "काकडी जाड चिरलीस."

"जाडच चिरतात."

"हं." मग, "पुदिना हातानं तोडलास. बरं केलंस, सुरीनं काळा पडतो."

आणि पाव ताटावर फिरवता फिरवता तू थांबलास, पाव नाकाशी धरलास आणि म्हणालास, "यात आपलंही आहे."

"एक पळी."

"कच्च्या तिळाचं. पहिलं उतरलेलं."

"काकांनी काढलंय."

सिस्टर म्हणतात, त्यानंतर तू ताट कोरडं होईपर्यंत पाव फिरवत राहिलास, आणि त्या उगाच धुतलेले चमचे परत पुसायला निघून गेल्या. पुढचं भिंगरी मला सांगत नाही. मी विचारतही नाही. ते तुमच्या दोघांचं आहे. पण त्या संध्याकाळी ती घाण्याभोवती एक फेरी मारून माडीवर गेली, लहानपणी मारायची तशी, लाटेमागून. एवढी मोठी बाई! मी देवापुढे बसलो आणि मागायचं काही उरलं नाही, म्हणून नुसताच बसून राहिलो.

आता एक गोष्ट. माझ्या हातून झालेली चूक मी तुला फेब्रुवारीत सविस्तर लिहिली होती. निवळलेलं ओतून बाकीचं टाकल्याची. वहिनींनी ती वाचली असणार आणि तू ऐकली असणार. मग तूही तेच का केलंस? हाताची सवय डोक्याला विचारत नाही म्हणून? की खिडकीपलीकडच्या पोरीला, एक शब्द न बोलता, बाहेर कोण बसलं आहे ते कळावं म्हणून? तू म्हणशील, असलं काही नाही, मला खरंच आठवलं नाही. मी ते खरं मानेन. आणि दुसरंही खरं मानेन.

पुढच्या वेळी घाण्यावर ये. नवा तीळ आला आहे. भिंगरी म्हणते तिचं नाक पुरेसं आहे, तरी ती माडीवरून मला सांगते, "बाबांना एकदा विचारून घ्या." तू वास घे, ती वास घेईल, आणि मी दिवा लावेन. तिघांचं जमलं तर बघू.

हे संपवतच होतो तेवढ्यात वहिनींचा फोन आला. तू भिंगरीकडून एक बाटली घेऊन गेलास हे मला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. कुणाला हात लावू देत नाहीत. रोज जेवताना स्वतः हलवतात."

तुझा,
धाकटा